क्रीडाप्रशिक्षक व इलेक्ट्रॉनिक साधने

चेंडूच्या खेळांत सामना चालू असताना प्रशिक्षकाने व त्याच्या सहायकांनी बिनतारी संदेशयंत्र, मोबाईल दूरध्वनी, संगणक, टॅब्लेट, स्मार्ट घड्याळ इ. साधने कोठे, केव्हा व कोणत्या हेतूने वापरावीत, हे ठरविणारे नियम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निर्माण झाले व एकविसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत त्यांना आजचे स्वरूप प्राप्त झाले. क्रिकेट, फुटबॉल, टेनिस, बेसबॉल, अमेरिकन फुटबॉल अशा खेळांत या नियमांची वाढ वेगवेगळ्या दिशांनी झाली. एका खेळात जे साधन सर्रास वापरले जाते, तेच दुसऱ्या खेळात दंडास पात्र ठरते. या भिन्नतेचे मूळ यंत्रात नसून, मैदानावरील निर्णय कोणी घ्यावयाचा याविषयीच्या त्या त्या खेळाच्या परंपरेत आहे.

सामन्यातील माहितीच्या प्रवासाचे चार टप्पे मानता येतात : चित्रण, मोजमाप वा नोंदी यांद्वारे माहिती गोळा करणे, ती प्रशिक्षकापर्यंत पोहोचविणे, प्रशिक्षकाने ती खेळणाऱ्या खेळाडूपर्यंत नेणे, आणि तिच्या आधारे पंचांच्या निर्णयास आव्हान देणे. पहिल्या टप्प्याला बहुतेक खेळांनी फारसा विरोध केलेला नाही. दुसऱ्याला हळूहळू मान्यता मिळाली. तिसऱ्या व चौथ्या टप्प्यांवर मात्र वाद होत आले असून नियमांचा बहुतेक इतिहास या दोन टप्प्यांभोवतीच फिरतो.

पूर्वपीठिका : क्रिकेटच्या नियमावलीत कर्णधाराला मध्यवर्ती स्थान आहे. संघ निवडून त्याची यादी देणे, नाणेफेक करणे, डाव घोषित करणे, आपल्या खेळाडूंच्या वर्तनाची जबाबदारी घेणे, ही सर्व कामे नियमांनी कर्णधारावर सोपविली आहेत. प्रशिक्षकाला मात्र या नियमांत असे कोणतेही स्थान नाही. भारतीय संघाबरोबर दीर्घकाळ केवळ व्यवस्थापक जात असे. अजित वाडेकर यांनी १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात क्रिकेट व्यवस्थापक म्हणून केलेल्या कामगिरीनंतर पूर्णवेळ प्रशिक्षकाची कल्पना भारतात रुळत गेली.

मुंबईच्या मैदानी क्रिकेटमधील प्रशिक्षणाची परंपरा मुख्यतः सामन्याआधीच्या तयारीची होती. शिवाजी पार्कवर शिकविणारे रमाकांत आचरेकर (१९३२–२०१९) सरावाच्या वेळी यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत व दिवसभर बाद न होणाऱ्या फलंदाजाला ते बक्षीस म्हणून देत. शिष्यांना एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेऊन ते एकाच दिवशी अनेक डाव खेळावयास लावीत. सामन्यात काय करावयाचे ते फलंदाजाने स्वतः ओळखावे, यासाठीच हा सारा खटाटोप असे. सामन्यात बाहेरून संदेश मुळीच जात नसत, असे मात्र नव्हे. पाणी, हातमोजे वा नवी बॅट घेऊन जाणारा बारावा खेळाडू तंबूतील निरोपही नेत असे व आजही नेतो. परंतु हा निरोप सर्वांच्या डोळ्यांदेखत, खेळ थांबलेला असताना आणि सावकाश पोहोचतो. इलेक्ट्रॉनिक साधनाने निरोपाचा वेग वाढविला, तो प्रतिस्पर्ध्यापासून लपविला व प्रत्येक चेंडूगणिक पाठविता येईल असा केला. वादाचे कारण निरोपाच्या अस्तित्वात नसून त्याच्या या तीन गुणधर्मांत होते.

अमेरिकेतील आरंभ : या प्रश्नाला प्रथम तोंड फुटले ते अमेरिकेत. १९५६ मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे प्रशिक्षक पॉल ब्राउन (१९०८–९१) यांनी क्वार्टरबॅक या प्रमुख खेळाडूच्या शिरस्त्राणात लहानसा बिनतारी ग्राहक बसविला आणि मैदानाबाहेरून सूचना देण्यास सुरुवात केली. राष्ट्रीय फुटबॉल संघटनेचे आयुक्त बर्ट बेल (१८९५–१९५९) यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये या साधनावर बंदी घातली. अडतीस वर्षांनी, १९९४ मध्ये, संघटनेने तेच साधन सर्व संघांसाठी खुले केले. तथापि त्याला वेळेचे बंधन घालण्यात आले. पुढील चाल सुरू करण्यास पंधरा सेकंद उरले, की हा संपर्क आपोआप तुटतो. परिणामी चाल कोणती खेळावयाची हे प्रशिक्षक सांगू शकतो. पण चाल सुरू झाल्यावर चेंडू कोणाकडे फेकावा हे खेळाडूलाच ठरवावे लागते. २००८ पासून बचावाच्या बाजूच्या एका खेळाडूलाही अशी सोय मिळाली.

बेसबॉलमध्ये खुणांची चोरी ही जुनी समस्या आहे. कॅचर आपल्या पिचरला बोटांच्या खुणेने चेंडूचा प्रकार सुचवितो. ती खूण मैदानावरील प्रतिस्पर्ध्याने नजरेने ओळखली, तर ते चातुर्य मानले जाते. यंत्राच्या साहाय्याने ओळखली, तर तो गुन्हा ठरतो. १९५१च्या मोसमात न्यूयॉर्क जायंट्स संघाने दुर्बीण आणि विजेची घंटी यांच्या साहाय्याने खुणा चोरल्याचे वृत्त पन्नास वर्षांनी, २००१ मध्ये, प्रसिद्ध झाले. २०१७ मध्ये बॉस्टन रेड सॉक्स संघाला स्मार्ट घड्याळाद्वारे अशी माहिती पुरविल्याबद्दल दंड झाला. त्याच वर्षी जगज्जेता ठरलेल्या ह्यूस्टन ॲस्ट्रोज संघाने कॅमेऱ्याच्या चित्रणावरून खुणा ओळखून, कचऱ्याचा डबा वाजवून त्या आपल्या फलंदाजाला कळविल्याचे जानेवारी २०२० मध्ये चौकशीत निष्पन्न झाले. संघाला पन्नास लाख डॉलरचा दंड झाला आणि त्याचे व्यवस्थापक व महाव्यवस्थापक एक वर्षासाठी निलंबित झाले. चोरीस आळा घालण्यासाठी पुढे यंत्राचाच आधार घेण्यात आला. २०२२ पासून कॅचरने कळ दाबून पिचरच्या टोपीतील ध्वनिग्राहकात संदेश पाठविण्यास मोठ्या साखळी स्पर्धांत परवानगी मिळाली. मात्र हा संदेश खेळाडूकडून खेळाडूकडे जाण्यासाठी होता, ही गोष्ट लक्षणीय आहे.

हॉव्ह येथील प्रसंग : क्रिकेटमध्ये हा प्रश्न ऐरणीवर आला तो भारताच्याच सामन्यात. १५ मे १९९९ रोजी विश्वचषक स्पर्धेतील भारत व दक्षिण आफ्रिका यांचा सामना इंग्लंडमधील हॉव्ह येथे झाला. दक्षिण आफ्रिकेचे प्रशिक्षक रॉबर्ट वुल्मर (१९४८–२००७) यांचा जन्म कानपूरचा. प्रशिक्षणात संगणकाचा वापर करणाऱ्या आरंभीच्या प्रशिक्षकांत त्यांची गणना होते. या सामन्यात त्यांनी कर्णधार हन्सी क्रोनिए (१९६९–२००२) व जलद गोलंदाज ॲलन डोनाल्ड यांच्या कानांत लहान ध्वनिग्राहक बसविले होते. त्यांतून प्रशिक्षकाचे बोलणे त्या दोघांना ऐकू येई; त्यांना मात्र उलट बोलता येत नसे.

भारतातर्फे सौरव गांगुली व सचिन तेंडुलकर यांनी डावाची सुरुवात केली होती. प्रतिस्पर्धी कर्णधाराच्या कानात काहीतरी आहे, ही गोष्ट भारतीय फलंदाजांच्या ध्यानात आली व ती पंचांपर्यंत गेली. सामनाधिकारी तलत अली यांनी आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेशी विचारविनिमय केला व पेयपानाच्या पहिल्या विश्रांतीत ही उपकरणे काढावयास लावली. भारताच्या ५ बाद २५३ धावांना उत्तर देऊन दक्षिण आफ्रिकेने सामना चार गडी राखून जिंकला. त्यामुळे उपकरणाचा निकालावर काय परिणाम झाला, ही चर्चा मागे पडली. तत्त्वाचा प्रश्न मात्र उरला. असे साधन वापरू नये असा कोणताही नियम त्या वेळी अस्तित्वात नव्हता. त्यामुळे दक्षिण आफ्रिकेवर नियमभंगाचा ठपका ठेवता आला नाही. परिषदेने स्पर्धेच्या पुढील सामन्यांत त्याचा वापर बंद केला.

वुल्मर यांची बाजू अगदीच निराधार नव्हती. इतर खेळांत प्रशिक्षक सीमारेषेवरून ओरडून सूचना देतो. क्रिकेटचे मैदान मोठे असल्याने त्याचा आवाज पोहोचत नाही. तेव्हा यंत्राने तो पोहोचविण्यात गैर काय, असा प्रश्न उपस्थित करता येण्याजोगा होता. याउलट आक्षेप असा, की क्षेत्ररचना, गोलंदाजीतील बदल आणि चेंडूचा टप्पा यांविषयीचा निर्णय हाच क्रिकेटमधील कर्णधाराच्या कौशल्याचा गाभा होय. तो तंबूतून होऊ लागला, तर कर्णधार केवळ निरोप्या उरेल. शिवाय सहयोगी देशांच्या संघांना वा शालेय संघांना असे साधन व ते चालविणारा तज्ज्ञ परवडणे कठीण होते.

सामनानिश्चिती व दूरध्वनीबंदी : हॉव्ह येथील प्रसंगाला वर्ष पूर्ण होण्याच्या आतच प्रश्नाचे स्वरूप पालटले. ७ एप्रिल २००० रोजी दिल्ली पोलिसांनी क्रोनिए व एक सट्टेबाज यांच्यातील दूरध्वनी संभाषणाच्या ध्वनिमुद्रणाची माहिती जाहीर केली. पुढे क्रोनिए यांनी पैसे घेतल्याची कबुली दिली व त्यांच्यावर आजन्म बंदी आली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने भ्रष्टाचारविरोधी पथक स्थापन केले. बाहेरून आत येणाऱ्या प्रशिक्षकाच्या सूचनेपेक्षा आतून बाहेर जाणारी माहिती अधिक घातक असू शकते, याची जाणीव या प्रकरणाने झाली. खेळपट्टी कशी आहे, कोण खेळणार, पुढील षटक कोण टाकणार, यांपैकी कोणतीही बातमी सट्टेबाजाला मोलाची असते.

यातून खेळाडू व सामनाधिकारी यांच्या क्षेत्रासंबंधीचे किमान दंडक तयार झाले. त्यांनुसार खेळाडूंचा विश्रांतीकक्ष, सज्जा, डगआउट आदी भाग सामन्याच्या काळात राखीव क्षेत्र मानला जातो. खेळाडू व प्रशिक्षक यांना मैदानावर येताच मोबाईल दूरध्वनी जमा करावे लागतात. संघव्यवस्थापकाला ठरावीक कामांपुरती सवलत असते व विश्लेषकाला संगणक वापरता येतो. मात्र त्यांच्या वापरावर भ्रष्टाचारविरोधी अधिकाऱ्याची देखरेख असते. नव्या साधनांबरोबर हा नियम ताणावा लागला. मे २०१८ मध्ये लॉर्ड्स येथील कसोटीत पाकिस्तानच्या काही खेळाडूंनी मनगटावर स्मार्ट घड्याळे बांधली होती. त्यांतून गैरव्यवहार झाल्याचा आरोप नव्हता. परंतु दूरध्वनीशी वा इंटरनेटशी जोडता येणारे घड्याळ हे दूरध्वनीच मानावयास हवे, या भूमिकेतून अधिकाऱ्यांनी त्यांना ती न वापरण्यास सांगितले. अशा रीतीने क्रिकेटमधील बंदीला दोन वेगळी कारणे लाभली : पहिले कर्णधाराच्या अधिकाराचे, दुसरे सामन्याच्या सचोटीचे. प्रशिक्षकाच्या इअरपीसला होणारा विरोध पहिल्यातून आला, तर दूरध्वनीवरील बंदी दुसऱ्यातून.

पुनर्विलोकन पद्धती : पंचांच्या साहाय्यासाठी दूरचित्रवाणीचे चित्रण वापरण्यास आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये नोव्हेंबर १९९२ मध्ये दरबान येथे प्रारंभ झाला. चित्रण पाहून तिसऱ्या पंचाने धावचीत ठरविलेला पहिला कसोटी फलंदाज सचिन तेंडुलकर हा होय. या टप्प्यावर चित्रण पाहण्याची मागणी पंचच करीत. जुलै २००८ मध्ये भारत–श्रीलंका कसोटी मालिकेत पुनर्विलोकन पद्धतीचा प्रथम प्रयोग झाला आणि निर्णयाला आव्हान देण्याचा अधिकार खेळाडूंना मिळाला. येथूनच प्रशिक्षकाच्या साधनांचा प्रश्न अधिक नाजूक बनला. विश्रांतीकक्षात दूरचित्रवाणी संच असतो. तेथे बसलेल्यांना काही सेकंदांत पुनःचित्रण दिसते. मैदानावरील कर्णधाराला ते दिसत नाही.

म्हणून नियमात असे बंधन घालण्यात आले, की आव्हान बाद ठरलेल्या फलंदाजाने किंवा क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाच्या कर्णधारानेच द्यावयाचे. त्यासाठी पंधरा सेकंदांची मुदत आहे. मैदानावरील खेळाडूंनी आपसांत सल्लामसलत करण्यास हरकत नाही. पण मैदानाबाहेरून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष मदत मिळाल्याचे पंचांना वाटले, तर ते आव्हान नाकारू शकतात. विश्रांतीकक्षातून खुणा करण्यास स्पष्ट मनाई आहे. पंधरा सेकंदांची मुदत ही केवळ वेळ वाचविण्यासाठी नाही. पुनःचित्रण पाहून त्याचा निष्कर्ष मैदानावर पोहोचविण्यास पुरेसा अवधी मिळू नये, हाही तिचा एक उपयोग आहे.

या नियमाची कसोटी मार्च २०१७ मध्ये बंगळुरू येथील भारत–ऑस्ट्रेलिया सामन्यात लागली. नागपूरचा जलद गोलंदाज उमेश यादव याच्या चेंडूवर ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्टीव्ह स्मिथ पायचीत ठरला. आव्हान द्यावे की नाही याचा संकेत मिळविण्यासाठी त्याने आपल्या विश्रांतीकक्षाकडे पाहिले. पंच नायजेल लाँग यांनी तत्काळ मध्ये पडून त्याला रोखले व तो तंबूत परतला. सामन्यानंतर स्मिथने आपली चूक मान्य केली. आंतरराष्ट्रीय परिषदेने कोणावरही कारवाई केली नाही. येथे खेळाडूजवळ कोणतेही यंत्र नव्हते. यंत्र विश्रांतीकक्षात होते आणि मैदानापर्यंतचे शेवटचे अंतर केवळ नजरेने तोडावयाचे होते.

असाच प्रसंग मुंबई इंडियन्स संघाच्या बाबतीत घडला. इंडियन प्रीमिअर लीगमध्ये वाईड व नो बॉल यांविषयीच्या निर्णयांनाही आव्हान देण्याची सोय २०२३ मध्ये झाली. तिचा आरंभ त्या वर्षी मार्चमध्ये मुंबई व नवी मुंबई येथे झालेल्या महिलांच्या पहिल्या प्रीमिअर लीग स्पर्धेत झाला होता. १८ एप्रिल २०२४ रोजी चंडीगढजवळील मुल्लांपूर येथे पंजाबविरुद्धच्या सामन्यात सूर्यकुमार यादव फलंदाजी करीत असताना एक चेंडू पंचांनी वाईड दिला नाही. मुंबईच्या डगआउटमधून आव्हान देण्याविषयी खुणा झाल्याचे दूरचित्रवाणीवर दिसले. प्रतिस्पर्धी कर्णधाराने हरकत घेऊनही पुनर्विलोकन झाले व चेंडू वाईड ठरला. या सामन्यातील आचारसंहिताभंगाबद्दल पुढे खेळाडू टिम डेव्हिड व फलंदाजी-प्रशिक्षक कायरन पोलार्ड यांना सामना-मानधनाच्या २० टक्के दंड करण्यात आला. मुंबईने सामना केवळ नऊ धावांनी जिंकल्याने, मिळालेल्या धावेचे व चेंडूचे मोल किती, याची चर्चा झाल्याविना राहिली नाही. खेळ थांबवून प्रशिक्षकाला मैदानात येऊ देणारी अधिकृत विश्रांती याच स्पर्धेत २००९ पासून आहे; म्हणजे सल्ल्यास आक्षेप नाही, आक्षेप आहे तो चेंडू पडल्यानंतरच्या पंधरा सेकंदांतील सल्ल्यास.

सांकेतिक फलक : संगणक वापरणारा विश्लेषक विश्रांतीकक्षात बसू शकतो, हे एकदा मान्य झाल्यावर त्याने मिळविलेला निष्कर्ष कर्णधारापर्यंत कसा जावा, हा प्रश्न राहिलाच. १ डिसेंबर २०२० रोजी केप टाउन येथील वीस षटकांच्या सामन्यात इंग्लंडचे विश्लेषक नेथन लीमन यांनी सज्जातून अंक व अक्षर यांचे मोठे फलक दाखविले. त्यांचा अर्थ कर्णधार ऑइन मॉर्गन याला ठाऊक होता. सामनाधिकाऱ्याची पूर्वसंमती घेतलेली असल्याने नियमभंग झाला नाही. हे फलक म्हणजे आज्ञा नसून कर्णधाराला उपलब्ध असलेली माहिती होय, असे समर्थन संघाने केले. माजी खेळाडूंपैकी अनेकांना ते पटले नाही. हॉव्ह येथे बंद झालेले दार वेगळ्या वाटेने उघडले जात आहे, हा त्यांचा आक्षेप होता. येथे मैदानावर पोहोचले ते केवळ कागदी फलक. फलकांमागील गणित मात्र संगणकाचे होते. साधन इलेक्ट्रॉनिक आहे किंवा नाही, एवढ्यावरच नियम बेतला तर तो अपुरा पडतो, हे या उदाहरणावरून दिसते.

दूरचित्रवाणीच्या करमणुकीसाठी मात्र याच खेळाने वेगळी मुभा दिली आहे. वीस षटकांच्या अनेक स्पर्धांत खेळाडूला ध्वनिक्षेपक व इअरपीस देऊन समालोचक त्याच्याशी खेळ चालू असताना बोलतात. डिसेंबर २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका सामन्यात शेन वॉर्नने पुढील चेंडू कसा टाकणार हे समालोचकांना आधीच सांगितले व त्याच चेंडूवर ब्रेंडन मॅक्कलमला बाद केले. प्रेक्षकांना तो विलक्षण वाटला. प्रशिक्षकाला जे नाकारले जाते, ते समालोचकाला मिळते; ही विसंगती क्रिकेटने धंद्याच्या गरजेपोटी पत्करली आहे.

फुटबॉल : फुटबॉलच्या नियमांची सूत्रे आंतरराष्ट्रीय फुटबॉल संघटना मंडळाकडे आहेत. खेळाडूच्या अंगावर धाव, वेग व अंतर मोजणारी उपकरणे बसविण्यास त्याने २०१५ मध्ये अनुमती दिली. प्रशिक्षक व त्याचे सहायक यांना मात्र इलेक्ट्रॉनिक संपर्क साधण्यास मनाई होती व २०१७ मध्ये खेळाडूच्या आरोग्य-सुरक्षिततेपुरताच त्यास अपवाद करण्यात आला. मार्च २०१८ मध्ये हे धोरण बदलले. डावपेच व मार्गदर्शन यांसाठीही लहान, हातात धरता येण्याजोगी साधने वापरण्यास परवानगी मिळाली व त्याच वर्षी रशियातील विश्वचषक स्पर्धेत संघांना टॅब्लेट पुरविण्यात आले. प्रेक्षागृहात उंचावर बसलेला विश्लेषक आता मैदानाकडेच्या प्रशिक्षकाशी थेट बोलू शकतो. खेळाडूने असे संपर्कसाधन अंगावर बाळगण्यास मात्र बंदी कायम आहे. तसेच पुनःचित्रण हाती धरून पंचांशी वाद घालणाऱ्या वा साधनाच्या आधारे गैरवर्तन करणाऱ्या प्रशिक्षकास मैदानाबाहेर काढता येते.

या बदलाच्या दोन्ही बाजू महाराष्ट्रातील एकाच मैदानावर येऊन गेल्या. नवी मुंबईतील नेरुळच्या डी. वाय. पाटील क्रीडागारात ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषक स्पर्धेचे सामने झाले, त्या वेळी जुना नियम लागू होता. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी तेथेच सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला व स्पेनने कोलंबियावर मात केली, तेव्हा नवा नियम अमलात आलेला होता.

टेनिस व टेबल टेनिस : व्यक्तिगत खेळांत कर्णधार नसतो, खेळाडू एकटाच असतो. त्याने एकट्यानेच प्रश्न सोडवावा, ही टेनिसची जुनी धारणा होती. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात प्रशिक्षकाने प्रेक्षकांतून हाताने केलेल्या खुणेबद्दल सेरेना विल्यम्सला पंचांनी ताकीद दिली व त्यातून मोठा वाद उद्‌भवला. अशा खुणा सर्रास होतात आणि नियम क्वचितच बजावला जातो, हे त्या वादात उघड झाले. जुलै २०२२ पासून पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धांत प्रेक्षागृहातून मार्गदर्शन करण्याचा प्रयोग झाला व १ जानेवारी २०२५ पासून आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने ते नियमांत समाविष्ट केले. टेबल टेनिसने याआधीच, ऑक्टोबर २०१६ पासून, चेंडू खेळात नसताना केव्हाही मार्गदर्शन करण्यास मुभा दिली होती. दोन्ही खेळांत बंदी पाळली जात नव्हती; तेव्हा पाळता येईल अशी मर्यादा आखणे अधिक शहाणपणाचे मानले गेले.

ग्रामीण क्रिकेट : या नियमांचा विचार केवळ मोठ्या क्रीडागारांपुरता नाही. रायगड जिल्ह्याच्या कर्जत व खालापूर तालुक्यांत, कर्जत–खोपोली लोहमार्गावरील पळसदरीच्या परिसरासारख्या भागांत, भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या जमिनींवर टेनिस चेंडूच्या क्रिकेटला बहर येतो. कोकणात व ठाणे-मुंबईच्या परिसरात या खेळाला मोठा प्रेक्षकवर्ग आहे. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागारात टेनिस चेंडूच्या दहा षटकांच्या सामन्यांची व्यावसायिक साखळी स्पर्धाही भरली. गावपातळीवरील स्पर्धांचे नियम आयोजक मंडळ ठरविते. अशा अनेक सामन्यांचे आता मोबाईलवर थेट प्रक्षेपण होते. त्यामुळे सीमारेषेवर उभ्या असलेल्या कोणाच्याही हाती नुकत्याच पडलेल्या चेंडूचे चित्रण असू शकते. पंचाचा निर्णय अंतिम, हे तत्त्व टिकवावयाचे तर ते चित्रण पाहण्याचा अधिकार कोणाला व ते पाहून मैदानात शब्द टाकण्याचा अधिकार कोणाला, हे नाणेफेकीपूर्वीच सांगणे तेथेही आवश्यक ठरते. लॉर्ड्सवर जो प्रश्न भ्रष्टाचारविरोधी अधिकाऱ्यापुढे येतो, तोच लहान मैदानावर गावच्या पंचापुढे येतो. फरक एवढाच, की गावच्या पंचामागे कोणतेही पथक उभे नसते.

मूल्यमापन : सात दशकांच्या या इतिहासातून काही गोष्टी स्पष्ट होतात. साधन प्रथम एखादा संघ एकटाच व गुप्तपणे वापरतो. मग त्यावर बंदी येते. पुढे ते सर्वांना समान व उघडपणे मिळेल अशी व्यवस्था झाली, की बंदी शिथिल होते. अमेरिकन फुटबॉलने हा प्रवास पूर्ण केला. फुटबॉलने प्रशिक्षकापर्यंतचा मार्ग मोकळा करून खेळाडूपर्यंतचा रोखून धरला. क्रिकेटने विश्लेषणाला जागा दिली, विश्रांतीच्या वेळी सल्ल्यालाही दिली. परंतु चेंडू टाकला जाण्याच्या व त्याचा निर्णय होण्याच्या क्षणी मैदानावरील खेळाडूंनाच एकटे ठेवले. समानतेची अडचण यांपैकी कोणत्याच खेळाने पूर्णपणे सोडविलेली नाही. नियम दोन्ही संघांना सारखाच असला, तरी माहिती गोळा करणारे कॅमेरे, संगणक व तज्ज्ञ सर्वांकडे सारखे नसतात.

साधनांच्या या वाढीत प्रशिक्षकाचे जुने काम लोपलेले नाही. आचरेकरांचे शिष्य अमोल मुझुमदार यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय महिला संघाने २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक जिंकला. तत्पूर्वी ३० ऑक्टोबरला त्याच मैदानावर उपान्त्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या होत्या. दोन डावांच्या मधल्या वेळेत मुझुमदार यांनी विश्रांतीकक्षातील फळ्यावर, प्रतिस्पर्ध्यापेक्षा आपल्याला केवळ एक धाव अधिक हवी आहे, अशा आशयाचा मजकूर लिहिला. भारताने ५ बाद ३४१ धावा केल्या. त्यांत जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावा होत्या.